दीड तोळा कॉफी

वर्षाचं काय साठवायचं आणि आठवड्याचं काय दळायचं, हे खानदेशातल्या घराला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या, काळा मसाला कांडून झाला की तो बरणीत दाबून, हिंगाचे खडे टाकून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवतात. गहू कडुनिंबाच्या पाल्यासोबत कोठीत जातो. बिबडे, कुरडया पत्र्याच्या डब्यात. बाजरीचं दळण मात्र दोन-तीन किलोंचंच गिरणीवर जातं. बाजरीच्या दाण्यात तेल बरंच असतं. दाणा अख्खा आहे तोवर ते सुरक्षित, दळला की त्याला वारा लागतो आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणून दाणे वर्षाचे, पीठ आठवड्याचं.

कॉफी बाजरीच्या जातीची आहे. आपण तिला मसाल्याच्या फळीवर ठेवलं, आणि घरच्या कॉफीचं बरंचसं बिघडतं ते तिथे. यंत्र कोणतं, कप कोणता, दूध म्हशीचं की गाईचं, ही पुढची चर्चा. बी कधी भाजली, कधी दळली, किती घेतली आणि कुठे ठेवली, एवढं नीट झालं तर साध्या पातेल्यातही चांगली कॉफी होते. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण जळगावसारख्या गावात, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तिथे, मी ही कॉफी रोज करते.

आमच्या मातीत कॉफी पिकत नाही. केळी पिकते, कापूस पिकतो. कॉफी येते चिकमगळूर, कोडगू, वायनाडच्या डोंगरांतून. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी आजही एकट्या कर्नाटकात होते. तिथून जळगाव सुमारे हजार किलोमीटर. बाकी महाराष्ट्रासारखंच आमच्याकडेही कॉफी म्हणजे बाटलीतली झटपट पावडर, दूध, साखर आणि वर जायफळ. लग्नात फेसाची मशीनची कॉफी. ती कॉफी वाईट, असं मी म्हणणार नाही. थंडीतल्या लग्नाच्या रात्री हातात तो कागदी कप आला की बरंच वाटतं.

पण मला कॉफीचा वास पहिल्यांदा कळला तो भुसावळला. माझं माहेर तिथलं, वडील रेल्वेत. रेल्वेच्या वसाहतीत देशभरातली माणसं असायची. आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्या घरच्या मामी मुंबईला गेल्या की माटुंग्याच्या दुकानातून कॉफी आणायच्या, समोर भाजलेली, समोर दळलेली, ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड. त्यांचं पितळी फिल्टर दोन भांड्यांचं. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड, पुडीवर दांड्याची चकती, वरून उकळतं पाणी. खाली थेंबथेंब डिकॉक्शन. नवी पुडी फोडली की पहिले काही दिवस आमच्या ओट्यापर्यंत वास यायचा. मग तो ओसरत जायचा. शेवटी शेवटी मामी फिल्टरमध्ये पूड जास्त घालायच्या आणि म्हणायच्या, “आता नुसता रंग उरलाय.” रंग, कडूपणा, तरतरी हे सगळं शिल्लक असतं. निघून जातो तो वास. आणि आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचाच असतो.

हे होतं कसं? भाजताना बी आपलं पंधरा ते वीस टक्के वजन गमावते. पाणी उडतं, बी फुगते, ठिसूळ होते आणि तिच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. तो वायू पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. म्हणून चांगल्या पाकिटाला एक बारीक गोल झडप असते, आतला वायू बाहेर सोडणारी आणि बाहेरची हवा आत न घेणारी. अख्ख्या बीचं हे कवच शाबूत असतं तोवर वास आतच राहतो. दळलं की एका बीचे शेकडो कण होतात, प्रत्येक कणाला हवा लागते. पहिल्या काही मिनिटांतच उडून जाणारा सुगंध कपात न येता स्वयंपाकघरात जातो. दळताना घर घमघमलं की आपल्याला आनंद होतो, तो खराच, पण तो वास कपातून वजा झालेला असतो.

म्हणून दळायचं ते करायच्या वेळी, आणि लागेल तेवढंच. घरात ग्राइंडर नसेल तर मिक्सरवर भागवता येतं, पण मिक्सर काय करतो ते समजून घ्यायला हवं. त्याचं पातं बी फोडतं. एक कण रव्याएवढा, दुसरा मैद्याएवढा, तिसरा अर्धी बी. पाणी घातलं की मैद्यातून कडू अर्क झपाट्याने उतरतो आणि अर्ध्या बीतून आंबट, कच्चा. दोन्ही एका कपात. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी शंकू एकात एक बसवलेले असतात, त्यांच्यामधलं अंतर तुम्ही ठरवता, आणि त्या फटीतून जाईल एवढा कण झाल्याशिवाय तो खाली पडत नाही. जात्याची हीच रीत. गिरणीवालाही पाळू खालीवर करून ज्वारीचं पीठ वेगळं, भरडा वेगळा देतोच. पैसे खर्च करायचे असतील तर आधी इथे करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. महागडं यंत्र आणि जुनी पूड, यापेक्षा चांगलं ग्राइंडर आणि साधी गाळणी शंभर पटींनी बरी.

मिक्सरच वापरायचा तर काही गोष्टी पाळाव्यात. भांडं छोटं घ्यावं. एका दमात फिरवू नये. क्षणभर फिरवून थांबावं, भांडं हलवावं, पुन्हा फिरवावं. त्याने पूड तापत नाही आणि कण जरा एकसारखे होतात. मग मैद्याच्या चाळणीने धूळ काढून टाकावी. आणि हे भांडं कॉफीसाठीच ठेवावं. ज्या भांड्यात खोबरं, लसूण, दगडफूल फिरलंय त्यात कॉफी दळली तर शेवभाजीच्या रश्शाचा वास कपात येणारच, कितीही तांदूळ फिरवून भांडं साफ करा.

किती बारीक दळायचं हे कॉफी कशात करता त्यावर. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीच्या दट्ट्याच्या भांड्यात, पूड चार-पाच मिनिटं पाण्यात पडून असते, म्हणून जाड, भरड्या रव्यासारखी. कागदी गाळणीतून ओतायची तर मध्यम. दाक्षिणात्य फिल्टरसाठी त्याहून बारीक. मोका पॉटला, म्हणजे खालचं पाणी वाफेने पुडीतून वर चढवणाऱ्या शेगडीवरच्या भांड्याला, आणखी थोडी बारीक, पण मैदा नको, नाहीतर पाणी वर चढत नाही. त्यापुढे जीभच सांगते. कॉफी आंबट, पातळ लागली आणि पाणी भराभर उतरलं तर पुढच्या वेळी एक घर बारीक करायचं. कडू, तुरट, तोंड कोरडं करणारी झाली तर एक घर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळणही बदललं आणि पूडही वाढवली, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात आणि होळीनंतरच्या कोरड्या दिवसांत एक वेगळीच कटकट होते. हवेत ओल नसते, दळताना घर्षणाने वीज तयार होते आणि पूड ग्राइंडरच्या भिंतीला, बोटांना, ओट्याला चिकटत सुटते. उपाय एक थेंब पाण्याचा. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांमधून फिरवायची आणि मग दळायचं. हे कॉफीवाले आधीपासून करत होते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी रीतसर मोजून दाखवलं की बियांवरच्या या ओलाव्याने स्थिर वीज कमी होते आणि पुडीच्या गुठळ्याही कमी होतात. एक थेंब म्हणजे एकच. आणि ग्राइंडर धुवायचं नाही, ब्रशने झाडायचं. पोलादी दाते गंजतात आणि आत राहिलेलं जुनं तेल खवट होतं.

आता माप. चमच्याचं माप कॉफीला चालत नाही, आणि त्यात कुणाच्या हाताचा दोष नसतो. गडद भाजलेली बी फुगलेली, हलकी. फिकी भाजलेली बी लहान, जड. त्याच चमच्यात वजन वेगळं भरतं. त्यात एकीचा चमचा सपाट, दुसरीचा शिगोशीग. जळगावात वजनाचं महत्त्व सांगायला नको. इथल्या सराफ बाजारात बोटाएवढ्या वस्तूसाठी काचेच्या पेटीतला काटा लावतात, पंख्याचा वारासुद्धा लागू देत नाहीत. घरी तेवढं नाजूक काही नको. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा खिशातला काटा पुरतो. माझं रोजचं माप सोनाराच्या हिशोबात सांगायचं तर दीड तोळा, म्हणजे १५ ग्रॅम कॉफी, आणि २४० ग्रॅम पाणी. एकास सोळा. पाणीही काट्यावरच, कप काट्यावर ठेवून ओतत जायचं; मिलिलिटर आणि ग्रॅम पाण्याला सारखेच. पूड आपल्या दुप्पट पाणी पिऊन घेते, म्हणून हाती येतं २१० च्या आसपास. दाट हवी तर एकास पंधरा, हलकी हवी तर सतरा. दुधासाठी डिकॉक्शन करताना एकास पाच-सहा.

माझी मावशी धुळ्याची. तिला पहिल्यांदा ही काळी कॉफी दिली तेव्हा एक घोट घेऊन म्हणाली, “इतलं कडू? साखर टाक ना व माय!” मी साखर दिली. वजनाने केलेल्या कॉफीत साखर घालणं कमीपणाचं आहे, असं मला वाटत नाही. फक्त एक झालं: एकदा तिने जरा कमी साखरेत प्यायली तेव्हा तिला तिच्यातला आंबूस, फळासारखा भाग लागला. चिकमगळूरची चांगली अरेबिका जातीची कॉफी फिकी भाजली की तसा स्वाद येतो. तो साखरेखाली दडतो, आणि मापात एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी दडतो.

साठवणीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात पुस्तकी नियम आमच्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. कॉफीचे शत्रू चार: हवा, ओल, उजेड, उष्णता. पहिले तीन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्याने आवरतात. उष्णतेचं काय? रासायनिक क्रियांबद्दल ठोकळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीस अंशांच्या गावात महिनाभर चांगली राहणारी बी आमच्या एप्रिल-मेच्या स्वयंपाकघरात तेवढा काळ चांगली राहील, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय ती घरी पोचायच्या आधीच तापलेली असते. कुरिअरच्या गाडीत, गोदामाच्या पत्र्याखाली तिचे दिवस गेलेले असतात. म्हणून आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या काळात मी पाव किलोपेक्षा जास्त बी मागवत नाही, आणि जे मागवायचं ते भाजल्या भाजल्या निघेल असं बघते. पाकिटावर मुदतीची तारीख सगळेच छापतात. बघायची ती भाजल्याची तारीख. ती ज्या पाकिटावर नाही ते मी घेत नाही. अगदी ताजी, काल भाजलेलीही लगेच वापरायची नसते. वायू फार असला की पाणी पुडीत नीट शिरत नाही. आठवडाभर थांबलं की बरी. गरम पाणी पडताच पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, ती जिवंत असल्याची खूण. नुसती ओली होऊन बसली, तर समजायचं.

घरात ठेवायची कुठे? ओट्यावर, शेगडीजवळ मुळीच नाही. खिडकीत काचेच्या बरणीत तर नकोच, दिसायला कितीही देखणी असली तरी. माझ्या आजोळी धाब्याचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, भर उन्हाळ्यात मधल्या खोलीत गारवा. असं घर असेल तर आतल्या खोलीतला, बाहेरच्या भिंतीपासून लांबचा कोनाडा कॉफीला उत्तम. सिमेंटच्या घरात उत्तरेकडच्या खोलीतलं खालचं कपाट. वरच्या फळ्या रात्रीसुद्धा गरम असतात. आणि कूलर! आमच्याकडे मार्चअखेरीपासून घराघरात कूलर सुरू होतो. बाहेरची हवा पापड वाळवणारी, आणि घरात मात्र कूलरची ओल. झाकण नीट न लावलेला डबा कूलरच्या झोतात राहिला की पुडीचे खडे होतात. चिकोरीच्या मिश्रणाचे लवकर होतात, कारण चिकोरी हवेतली ओल पटकन ओढते. लोकांना वाटतं पावसाळ्यातच जपायचं असतं. आमच्याकडे उन्हाळाही ओलाच असतो, निदान कूलरच्या खोलीत.

फ्रिजमध्ये ठेवायची का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये नको. गार डबा ४० अंशांच्या हवेत उघडला की हवेतली वाफ थेट बियांवर बसते. आणि आपल्या फ्रिजमध्ये ठेचा असतो, लसणाची चटणी असते, भरीत उरलेलं असतं; कॉफी आजूबाजूचा वास चटकन धरते. फ्रीझरचं वेगळं आहे. मी पाकीट आलं की आठवड्याला पुरेल एवढी बी बाहेर ठेवते आणि उरलेलीच्या दीड-दीड तोळ्याच्या लहान पुड्या करून, हवा दाबून काढून, फ्रीझरमध्ये टाकते. एका वेळी एक पुडी काढायची आणि तशीच थंडगार दळायची. काढलेली परत ठेवायची नाही. गोठलेली बी जास्त ठिसूळ असते, दळण बारीक आणि एकसारखं पडतं, हे २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. आमच्या उन्हाळ्याला हा उपाय फार मानवला आहे. ज्यांना पुड्या करायचा कंटाळा त्यांनी थोडी थोडी मागवावी, तेही तितकंच चांगलं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर बसतो ते पाणी कॉफीतला आंबूसपणा मारून टाकतं, चव सपाट होते. आरओच्या पाण्यातून क्षार जवळजवळ सगळेच निघालेले असतात, त्यात अर्क नीट उतरत नाही. मी दोन्ही मिसळते, प्रमाण चवीने.

आणि दुधाची कॉफी. तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. घट्ट दूध, गडद भाजलेल्या बीचं डिकॉक्शन, वर जायफळ. या जायफळाकडे जरा बघा. कुठल्याही घरात जायफळाची पूड करून वर्षभर ठेवत नाहीत. ते अख्खं असतं. लागेल तेव्हा सहाणेवर दोन वळसे उगाळतात किंवा किसणीवर ओढतात आणि पुन्हा डबीत टाकतात. ज्या घरात जायफळाची इतकी काळजी घेतात, तिथे कॉफीसाठी नवी सवय लावायला नको. जायफळाच्या डबीशेजारी बियांचा डबा ठेवायचा, एवढंच.

माझी भाची नंदुरबारला असते. तिने नुकतंच हाताचं ग्राइंडर घेतलं आणि आता कोजागरीला कॉलनीतल्या बायकांसाठी कॉफी करायचं मनात घेतलंय. भुलाबाईचा शेवटचा दिवस, गाणी होणार, खाऊ ओळखायचा, आणि मध्यरात्रीपर्यंत जागायचं. दूध आटवलेलं असतंच. वीस जणींचा हिशोब आम्ही फोनवर मांडला. प्रत्येकी एक तोळा, म्हणजे २०० ग्रॅम पूड. एकास सहाने १२०० ग्रॅम पाणी. पूड चारशे पिणार, हाती येणार आठशे. एकेकीला ४० मिलिलिटर डिकॉक्शन आणि त्यावर शंभर-सव्वाशे दूध. तिचं फिल्टर लहान, म्हणून मोठ्या पातेल्यात करायचं ठरलं: दळण जाड, पाणी उकळून अर्धा मिनिट थांबलेलं, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं, आणि मग ओल्या मलमलीतून गाळायचं. पिळायचं नाही, पिळलं की गाळ उतरतो.

बी मी घटस्थापनेच्या सुमारास मागवून तिच्याकडे पाठवीन, म्हणजे भाजून आठवडा-पंधरा दिवस झालेले असतील. ती म्हणाली, “मावशी, दोनशे ग्रॅम दळायला किती वेळ लागेल, मी दुपारीच दळून ठेवते ना.” मी नाही म्हटलं. एका वेळी तीस ग्रॅम मावतात, सात खेपा होतील, दोघी-तिघींनी आलटून पालटून फिरवलं तर गाणी म्हणता म्हणता होऊन जाईल. पण रात्री नऊच्या आधी दळायला घ्यायचं नाही.